‘पुसणे’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘इरेझ’ नव्हे: एका इंग्रजी क्रियापदाची क्रमवार ओळख

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी माणसाला ‘इरेझ’ हे क्रियापद फार लवकर भेटते, आणि लवकर भेटल्यामुळेच ते नीट तपासायचे राहून जाते. ‘इरेझ म्हणजे पुसणे’ ही जोडी एकदा पाठ झाली की टेबल पुसायचे असो, डोळे पुसायचे असोत, यादीतले नाव कमी करायचे असो किंवा जुने भांडण मिटवायचे असो, हात आपोआप याच शब्दाकडे जातो. वस्तुतः मराठीतल्या ‘पुसणे’चे क्षेत्र आणि इंग्रजीतल्या ‘इरेझ’चे क्षेत्र यांचा थोडाच भाग सामाईक आहे. तो सामाईक भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे एकदा डोळ्यांसमोर आले, तर या शब्दाच्या वापरातल्या बहुतेक चुका टळतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. पहिल्या दोन घाईने ओलांडू नयेत, कारण नंतरचे सर्व त्यांवर उभे आहे.

पहिली पायरी: शब्दाच्या मुळातली कृती पाहा

‘इरेझ’ लॅटिन भाषेतून आला. ‘राडेरे’ म्हणजे खरवडणे, तासणे. त्याला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘खरवडून काढणे’ हा अर्थ तयार झाला. दाढीचा ‘रेझर’ याच कुळातला आहे. प्राचीन रोममध्ये लाकडी पाटीवर मेणाचा थर देऊन त्यावर टोकदार लेखणीने लिहीत, आणि लेखणीच्या दुसऱ्या, चपट्या टोकाने मेण सारखे करून पाटी पुन्हा वापरत. ‘टॅब्युला रासा’ या लॅटिन शब्दप्रयोगाचा मूळ अर्थही ‘खरवडून साफ केलेली पाटी’ असाच आहे. आपल्याकडच्या ‘कोऱ्या पाटी’शी तो सहज जुळतो.

कातड्यावर लिहिण्याच्या काळातही कृती तीच राहिली. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकात केलेली एक प्रत पुढे १२२९ मध्ये प्रार्थनांच्या पुस्तकासाठी वापरली गेली. जुनी अक्षरे काढून टाकून त्याच चर्मपत्रांवर नवा मजकूर लिहिला गेला. १९०६ मध्ये योहान हायबर्ग या अभ्यासकाने खालचा मजकूर आर्किमिडीजचा असल्याचे ओळखले, आणि १९९८ मध्ये त्या प्रतीचा लिलाव झाल्यानंतर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन त्यातला बराचसा भाग वाचता आला.

हीच गोष्ट स्वतःच्या हाताने करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. कागदावर पेन्सिलीने थोडे दाबून एक शब्द लिहा आणि तो रबराने पुसा. आता कागद डोळ्यांच्या रेषेत, उजेडाकडे तिरपा धरा. शिसे गेलेले असते, पण पेन्सिलीच्या टोकाने पडलेली बारीक चर दिसते, आणि रबर फिरलेल्या जागी कागदाचा पोत थोडा लवदार झालेला असतो. ‘इरेझ’चा पूर्ण अर्थ या एका कागदावर आहे: कोणीतरी केलेली खूण किंवा नोंद जाते, ती ज्यावर होती तो पृष्ठभाग मागे राहतो. खूण नसेल, पृष्ठभाग नसेल किंवा पृष्ठभागच नष्ट होत असेल, तर ‘इरेझ’ वापरण्यापूर्वी थांबावे.

दुसरी पायरी: उच्चार आणि रूपे पक्की करा

ब्रिटिश उच्चार ‘इरेझ’ असा आहे आणि अमेरिकी उच्चार बहुधा ‘इरेस’ असा ऐकू येतो. दोन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘रे’वर आहे. वर्णलेखनात शेवटी ‘एस’ आणि ‘ई’ येतात, ‘झेड’ येत नाही. ‘झेड’ घालून लिहिलेला ‘रेझ’ हा वेगळा शब्द असून त्याचा अर्थ इमारत किंवा शहर जमीनदोस्त करणे असा आहे. त्याचे मूळही खरवडण्याचेच आहे, परंतु तिथे मागे काहीच राहत नाही.

रूपे सोपी आहेत: इरेझेस, इरेझ्ड, इरेझिंग. खरी अडचण नामांची आहे. पुसण्याचे साधन म्हणजे ‘इरेझर’, आणि पुसण्याची क्रिया किंवा पुसले जाणे म्हणजे ‘इरेझ्यर’. पहिल्यातला मधला ध्वनी ‘रेझर’मधल्यासारखा आहे, दुसऱ्यातला ‘प्लेझर’मधल्यासारखा, जीभ थोडी मागे नेऊन काढायचा. देवनागरीत दोन्ही शब्द अनेकदा सारखेच लिहिले जातात, त्यामुळे मराठी वाचक ‘राइट टु इरेझ्यर’ हे शब्द वाचताना रबराचा विचार करतो. हे दोन उच्चार मोठ्याने दहा वेळा म्हणून वेगळे करून घ्यावेत.

तिसरी पायरी: वाक्याचा सांगाडा बसवा

‘इरेझ’ हे सकर्मक क्रियापद आहे, म्हणजे काय पुसले ते सांगावे लागते. कर्म दोन प्रकारचे असू शकते. ‘शी इरेझ्ड द वर्ड’ या वाक्यात खूण हे कर्म आहे. ‘शी इरेझ्ड द बोर्ड’ या वाक्यात पृष्ठभाग हे कर्म आहे. मराठीतही आपण ‘अक्षर पुसले’ आणि ‘फळा पुसला’ असे दोन्ही म्हणतो, त्यामुळे इथे नवशिक्याला आपल्याच भाषेचा आधार मिळतो. खूण आणि पृष्ठभाग दोन्ही सांगायचे असतील तर मध्ये ‘फ्रॉम’ येते: ‘शी इरेझ्ड द वर्ड फ्रॉम द बोर्ड’. ‘पुसून टाकणे’ या आपल्या संयुक्त क्रियापदाच्या सवयीने ‘इरेझ ऑफ’ किंवा ‘इरेझ आउट’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण बाहेर काढण्याचा भाव शब्दाच्या पहिल्या अक्षरातच आहे.

काही वेळा कर्म नसते आणि खूणच कर्ता होते: ‘दिस इंक इरेझेस ईझिली’, म्हणजे ही शाई सहज पुसली जाते. ही रचना पदार्थाचा गुण सांगते, कोणा व्यक्तीची कृती सांगत नाही. लेखनसाहित्याच्या वेष्टनांवर तिच्या जोडीने ‘इरेझेबल’ हे विशेषण आढळते.

कर्मणी प्रयोगाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. ‘द टेप वॉज इरेझ्ड’ या वाक्यात पुसणारा गायब आहे, आणि इंग्रजी लेखक ही सोय फार वापरतात. वॉटरगेट या अमेरिकेतल्या राजकीय घोटाळ्याच्या चौकशीत अध्यक्षांच्या कार्यालयातल्या २० जून १९७२ च्या ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटांची पोकळी सापडली. तज्ज्ञांच्या समितीने १९७४ मध्ये असे सांगितले की तो भाग किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसला गेला होता. पुसले कोणी हे मात्र सिद्ध झाले नाही. अशा ठिकाणी कर्मणी प्रयोग हाच प्रामाणिक प्रयोग असतो. परंतु आपण स्वतः पुसले असताना ‘इट वॉज इरेझ्ड’ लिहिले, तर वाचणाऱ्याला ती जबाबदारीची टाळाटाळ वाटू शकते. मराठीत ‘पुसले गेले’ म्हणताना जसे आपण थोडे थांबतो, तसेच इथेही थांबावे.

‘इरेझ्ड’ हे विशेषण म्हणूनही चालते, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘कोरा’ असा होत नाही. १९५३ मध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग या तरुण अमेरिकी चित्रकाराने विलेम डी कूनिंग या नामवंत चित्रकाराकडून एक रेखाचित्र मागून घेतले आणि ते रबरांनी पुसून तेच आपली कलाकृती म्हणून मांडले. तो कागद ‘इरेझ्ड’ आहे, ‘ब्लँक’ नाही. त्यावर जुन्या रेषांच्या फिकट खुणा आहेत आणि तिथे काहीतरी होते ही जाणीव त्याच्याशी कायम जोडलेली आहे. ‘ब्लँक’ला भूतकाळ नसतो, ‘इरेझ्ड’ला असतो.

चौथी पायरी: आपल्या मराठी शब्दांची गाठ सोडवा

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण चुकांचे मूळ इंग्रजीत नसून मराठीत आहे. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका अर्जात ‘यादीतून माझे नाव काढावे’ याऐवजी ‘प्लीज इरेझ माय नेम’ असे लिहिले होते. व्याकरण अचूक होते, तरीही वाक्य विचित्र वाटत होते, कारण त्यातून जणू आपले नाव जगातूनच पुसून टाका अशी विनंती होत होती. तिथे ‘रिमूव्ह’ हा साधा शब्द हवा होता.

प्रथम ‘पुसणे’ घ्या. या शब्दाने आपण दोन भिन्न कृती सांगतो. फडक्याने किंवा हाताने ओल, धूळ, घाम, अश्रू टिपून घेणे ही एक. लिहिलेले नाहीसे करणे ही दुसरी. इंग्रजीत पहिलीसाठी ‘वाइप’ आहे आणि दुसरीसाठी ‘इरेझ’. म्हणून टेबल ‘वाइप’ करतात, चष्मा ‘वाइप’ करतात, डोळेही ‘वाइप’ करतात. फळा मात्र दोन्ही बाजूंना बसतो, कारण त्यावर धूळही असते आणि अक्षरेही: ओल्या फडक्याने स्वच्छ केला तर ‘वाइप’, अक्षरे घालवण्यावर भर असेल तर ‘इरेझ’. ‘पुसणे’ म्हणजे विचारणे हा अर्थ आणि ‘तोंडाला पाने पुसणे’ यासारखे वाक्प्रचार तर या क्षेत्रात येतच नाहीत. त्यांचे शब्दशः रूपांतर करू नये, सरळ अर्थ सांगावा.

त्यानंतर ‘खोडणे’. लिहिलेल्यावर रेघ मारणे म्हणजे खोडणे. अक्षरे तिथेच राहतात, फक्त ती धरू नयेत असे वाचणाऱ्याला कळते. इंग्रजीत याला ‘क्रॉस आउट’ किंवा ‘स्ट्राइक आउट’ म्हणतात, ‘इरेझ’ नव्हे. गोंधळ वाढवतो तो आपला ‘खोडरबर’ हा शब्द. नावात ‘खोड’ असले तरी ते साधन रेघ मारत नाही, ते पुसते. त्यामुळे शाळेपासूनच खोडणे आणि पुसणे हे आपल्या मनात एकमेकांत मिसळलेले असतात. परीक्षेच्या सूचनेत ‘डू नॉट इरेझ, क्रॉस आउट’ असे असेल, तर त्याचा अर्थ असा की चुकीचे उत्तर रबराने घालवू नका, त्यावर एक रेघ मारा. या दोन्हींचे भाषांतर ‘खोडा’ असे केले तर सूचनाच निरर्थक होईल.

या साधनाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. रबर येण्यापूर्वी पेन्सिलीच्या खुणा घालवण्यासाठी पावाचा मऊ भाग वापरत. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने पेन्सिलीच्या खुणा घालवण्यास उत्तम असा एक पदार्थ पाहिल्याची नोंद केली, आणि त्या नोंदीत त्याने क्रियापद वापरले ते ‘वाइप’. पुढे घासण्याच्या, म्हणजे ‘रब’ करण्याच्या, उपयोगावरूनच इंग्रजीत त्या पदार्थाला ‘रबर’ हे नाव मिळाले. म्हणून ब्रिटिश इंग्रजीत आजही वस्तूला ‘रबर’ आणि क्रियेला ‘रब आउट’ म्हणतात, तर अमेरिकी इंग्रजीत वस्तू ‘इरेझर’ आणि क्रिया ‘इरेझ’. अमेरिकी माणसासमोर ‘रबर’ हा शब्द वस्तूसाठी वापरू नये, कारण तिथे त्याचा बोलीतला प्रचलित अर्थ निरोध असा आहे. तसेच ‘रब आउट’चा तिथल्या गुन्हेगारी बोलीतला अर्थ ठार मारणे असा आहे. दोन्हीकडे निर्धोक चालेल असा शब्द हवा असेल तर ‘इरेझर’ आणि ‘इरेझ’ हेच धरावेत.

‘मिटवणे’साठी नियम थोडक्यात सांगता येतो. वाद, भांडण, प्रकरण मिटवायचे असेल तर ‘सेटल’. खूण किंवा निशाण मिटवायचे असेल तर ‘इरेझ’. ‘वगळणे’ म्हणजे मुळात समाविष्टच न करणे असेल तर ‘ओमिट’ किंवा ‘एक्सक्लूड’.

पाचवी पायरी: भावंडांमधला फरक ओळखा

‘डिलीट’ हे सर्वांत जवळचे भावंड. लॅटिन ‘डेलेरे’पासून आलेल्या या शब्दात मुळात नष्ट करण्याचा भाव होता, ‘कार्थेज नष्ट केलेच पाहिजे’ या रोमन मुत्सद्दी केटोच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध लॅटिन वचनात हेच क्रियापद आहे. सहज न जाणाऱ्या शाईला ‘इंडेलिबल’ म्हणतात तेही यावरूनच. आज ‘डिलीट’चा वापर मजकूर, संदेश, फाइल, नोंद अशा घटकांसाठी होतो: एक घटक उचलला आणि काढला. ‘इरेझ’ हे संपूर्ण साठवण रिकामी करण्यासाठी वापरले जाते. आयफोनमध्ये एक छायाचित्र ‘डिलीट’ होते, पण सगळा फोन रिकामा करण्याच्या सूचनेत ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ असे शब्द आहेत. जुन्या ध्वनिमुद्रण यंत्रात फीत कोरी करणाऱ्या भागाला ‘इरेझ हेड’ म्हणत, आणि अतिनील किरणांनी कोऱ्या होणाऱ्या स्मृतिचिपच्या ‘ईप्रॉम’ या नावातला पहिला ‘ई’ म्हणजे ‘इरेझेबल’. हा फरक काटेकोर नियम नाही. एमएस-डॉस या जुन्या संगणक प्रणालीत ‘डेल’ आणि ‘इरेझ’ या दोन आज्ञा एकच काम करत. तरीही एक तांत्रिक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक प्रणालींमध्ये फाइल ‘डिलीट’ केली की तिची नोंद जाते, आणि तिची माहिती नवीन माहितीने झाकली जाईपर्यंत शिल्लक राहू शकते. म्हणूनच माहिती कायमची घालवायची असते तेव्हा तंत्रज्ञ ‘सिक्युअर इरेझ’ म्हणतात.

‘एक्सपंज’ हा अधिकृत नोंदीतून काढण्याचा शब्द आहे: विधिमंडळाचे कामकाज, न्यायालयीन अभिलेख, गुन्ह्याची नोंद. त्याच्या मुळात टोचून खूण करणे आहे. ‘पंक्चर’ त्याच धातूतून आला. या शब्दाचा खरा स्वभाव १८३७ च्या एका प्रसंगात दिसतो. अमेरिकी सिनेटने १८३४ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या निषेधाचा ठराव केला होता. १६ जानेवारी १८३७ रोजी तो ‘एक्सपंज’ करण्याचे ठरले, तेव्हा सचिवाने कार्यवृत्ताची मूळ वही आणवली, ठरावाभोवती जाड काळ्या रेषा काढल्या आणि त्यावर आडवे लिहिले की सिनेटच्या आदेशाने हे काढून टाकले आहे. शब्द वाचता येत होते, पण त्यांचे अधिकृत अस्तित्व संपले होते. ‘इरेझ’मध्ये खूण जाते, ‘एक्सपंज’मध्ये खुणेचा अधिकार जातो. मराठी वृत्तलेखनात यासाठी ‘कामकाजातून काढून टाकणे’ हे शब्द चालतात, तेच वापरावेत.

उरलेली भावंडे लवकर आटोपतात. ‘इफेस’ म्हणजे झिजून, हळूहळू पुसट होणे किंवा करणे; शिलालेखाची अक्षरे वाऱ्यापावसाने ‘इफेस’ होतात, आणि स्वतःला सतत मागे ठेवणाऱ्या माणसाला ‘सेल्फ-इफेसिंग’ म्हणतात. ‘ऑब्लिटरेट’मध्ये ‘अक्षर’ या अर्थाचा लॅटिन शब्द दडलेला असला, तरी आज तो संपूर्ण विनाशासाठी वापरतात. पेन्सिलीच्या रेघेसाठी तो कधीही लिहू नये. ‘रिडॅक्ट’ म्हणजे प्रसिद्ध करण्यापूर्वी गोपनीय भाग काळ्या पट्टीने झाकणे, ज्यात मूळ प्रत शाबूत राहते.

सहावी पायरी: लाक्षणिक वापर

खूण आणि पृष्ठभाग हे चित्र मनात पक्के असेल तर लाक्षणिक वापर समजण्यास वेळ लागत नाही. स्मृती हा पृष्ठभाग मानला की ‘इरेझ अ मेमरी’ म्हणता येते; इतिहास हा पृष्ठभाग मानला की एखाद्या समाजाला ‘इरेझ्ड फ्रॉम हिस्टरी’ म्हणता येते, म्हणजे ते लोक होते, पण त्यांची नोंद ठेवली गेली नाही किंवा काढून टाकली गेली. सामाजिक लेखनातला ‘इरेझ्यर’ हाच अर्थ घेऊन येतो. मराठीत त्यासाठी ‘अस्तित्व नाकारणे’ किंवा ‘नोंद पुसणे’ यांपैकी संदर्भाप्रमाणे एक निवडावे. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमावलीच्या कलम १७ मध्ये, जी २५ मे २०१८ पासून लागू झाली, ‘राइट टु इरेझ्यर’ दिलेला आहे: आपली वैयक्तिक माहिती ठरावीक परिस्थितीत काढून टाकायला लावण्याचा हक्क.

आर्थिक बातम्यांत ‘इरेझ्ड अर्ली गेन्स’ असे आढळते, म्हणजे बाजार सकाळी वर गेला होता आणि नंतर तेवढाच खाली आला. खेळाच्या वार्तांकनात ‘इरेझ्ड अ टू-गोल डेफिसिट’ म्हणजे दोन गोलांची पिछाडी भरून काढली. इथे ‘पुसली’ असे भाषांतर करू नये. मराठीत पिछाडी भरून काढतात आणि कमाई गमावतात.

सातवी पायरी: सराव

पुढील वाक्ये वाचताना प्रत्येकासाठी क्रियापद आधी स्वतः निवडा आणि मगच उत्तर पाहा. ‘त्याने कपाळावरचा घाम पुसला’ येथे ‘वाइप’. ‘तिने पेन्सिलीने काढलेले वर्तुळ पुसले’ येथे ‘इरेझ’. ‘लेखनिकाने चुकीची रक्कम खोडून वर नवी लिहिली’ येथे ‘क्रॉस आउट’. ‘तो संदेश मी पाठवण्याआधीच काढून टाकला’ येथे ‘डिलीट’. ‘अध्यक्षांनी ते आक्षेपार्ह शब्द कामकाजातून काढून टाकले’ येथे ‘एक्सपंज’. ‘दाराच्या चौकटीवरचे कोरीव नाव आता वाचता येत नाही’ येथे क्रियापद ‘इफेस’, आणि वाक्य कर्मणी. ‘तो प्रसंग मनातून पुसता येत नाही’ येथे पुन्हा ‘इरेझ’, कारण मनावर खूण आहे आणि मन तिच्या मागे राहते. शेवटी पहिल्या पायरीतला तो पेन्सिल पुसलेला कागद पुन्हा हातात घ्या आणि तुम्ही काय केले ते इंग्रजीत दोन वाक्यांत लिहा: एकात शब्द हे कर्म असावे, दुसऱ्यात कागदाला धरून ‘फ्रॉम’ यावे.